सुवाह्य हार्ड डिस्क व तिचे बाह्य कवच

सुवाह्य हार्ड डिस्क व तिचे बाह्य कवच : संगणकाच्या मुख्य पेटीत कायम न बसविता स्वतंत्र पेटीत ठेवलेल्या व केबलच्या साहाय्याने निरनिराळ्या संगणकांस जोडता येणाऱ्या चुंबकीय तबकडी-संचास सुवाह्य हार्ड डिस्क म्हणतात. ज्या पेटीत हा संच बसविलेला असतो ती पेटी म्हणजे बाह्य कवच होय. भारतीय बाजारात तिला ‘केसिंग’ हा शब्द रूढ आहे. वरवर पाहता ही पेटी म्हणजे ॲल्युमिनियमाचे अथवा प्लॅस्टिकचे साधे वेष्टन वाटते. परंतु तिच्या आत एक लहानसे विद्युत् मंडल असते आणि तबकडी-संचाला समजणाऱ्या आज्ञा व संगणकाच्या पोर्टमधून येणारे संकेत यांच्यामध्ये ते दुभाष्याचे काम करते. तंत्रज्ञ त्यास ‘ब्रिज’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत त्यासाठी सेतुमंडल हा शब्द वापरला आहे. हार्ड डिस्क संगणकापासून वेगळी होऊन माणसाच्या खिशात आली ती या मंडलामुळे. तबकडी धडधाकट असूनही तिच्यावरील माहिती कायमची हातची जाते, असे जे प्रसंग घडतात त्यांपैकी अनेकांचे मूळही याच मंडलात असते.

इतिहास : चुंबकीय तबकड्यांवर माहिती साठविणारे पहिले व्यापारी यंत्र आय. बी. एम. या अमेरिकन कंपनीने १९५६ मध्ये जाहीर केले. रेनल्ड बी. जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली कॅलिफोर्नियातील सॅन होसे येथील प्रयोगशाळेत ते सिद्ध झाले. त्याच्या ‘३५०’ या तबकडी-विभागात सु. ६१ सेंमी. व्यासाच्या ५० तबकड्या एका उभ्या दांड्यावर फिरत. त्यांवर ५० लक्ष अक्षरे मावत. आजच्या मोजमापाने ही धारणक्षमता सु. ३.७५ मेगाबाइट भरते. यंत्राचे वजन सु. एक टन असल्याने ते एकदा बसविले म्हणजे तेथेच राही.

यंत्र हलविता येत नसेल, तर निदान तबकड्या तरी हलवाव्यात या विचारातून १९६२ मध्ये त्याच कंपनीचे ‘१३११’ हे यंत्र आले. त्यातील सहा तबकड्यांचा सु. ४.५ किग्रॅ. वजनाचा संच, ज्यास ‘डिस्क पॅक’ म्हणत, एका माणसास उचलून नेता येई. त्यावर प्लॅस्टिकचे डब्यासारखे झाकण असे. तबकडीचे बाह्य कवच असे ज्यास म्हणता येईल ते पहिल्यांदा येथे दिसते; मात्र त्याचे काम धूळ व बोटांचे ठसे यांपासून रक्षण करण्यापुरतेच होते. वाचन-लेखन करणारी शीर्षे यंत्रातच राहत. परिणामी एका यंत्रावर लिहिलेला संच दुसऱ्या यंत्रावर वाचता यावा यासाठी दोन्ही यंत्रांतील शीर्षांच्या जागा अतिशय काटेकोरपणे जुळवून घ्याव्या लागत. तबकडीवरील माहितीची घनता जसजशी वाढत गेली, तसतसे हे जुळविणे जिकिरीचे होत गेले.

१९७३ मध्ये ‘३३४०’ या यंत्राने यावर तोड काढली. ‘विंचेस्टर’ या सांकेतिक नावाने ओळखल्या गेलेल्या या रचनेत तबकड्या व शीर्षे एकाच बंद पेटीत ठेवली होती. एक शीर्ष एकाच पृष्ठभागाशी कायम निगडित राहिल्याने जुळणीचा प्रश्न मिटला. धुळीस मज्जाव झाल्याने शीर्षे तबकडीपासून अर्ध्या मायक्रॉनहूनही कमी उंचीवर तरंगू शकली. ही पेटी प्रारंभी यंत्रातून काढता येत असे. पण दोनच वर्षांनी आलेल्या ‘३३५०’ या यंत्रात ती सोय वगळण्यात आली आणि त्यानंतरच्या बहुतेक हार्ड डिस्क स्थिर प्रकारच्याच झाल्या. ज्या बंदिस्तपणामुळे तबकडी भरवशाची झाली, त्यानेच तिला यंत्रात अडकवून टाकले. पुढील दोन दशकांचा इतिहास हा तिला पुन्हा बाहेर काढण्याच्या खटपटींचा आहे.

व्यक्तिगत संगणकांच्या बाबतीत ही खटपट हौसेपोटी झाली नाही. आत जागाच नव्हती म्हणून झाली. १९७७ मधील ‘ॲपल २’ सारख्या संगणकांत हार्ड डिस्कसाठी खण नव्हता आणि तिला पुरेल एवढी विद्युत् शक्तीही नव्हती. १९८० च्या सुमारास कोर्व्हस सिस्टिम्स या कंपनीने अशा संगणकांसाठी १० मेगाबाइट धारणक्षमतेची बाहेरून जोडावयाची डिस्क विकण्यास सुरुवात केली. तिच्यावरील माहितीची जादा प्रत घरगुती व्हिडिओ यंत्राच्या फितीवर घेण्याची सोय या कंपनीने दिली होती, ही गोष्ट त्या काळातील साठवण किती महाग होती याची निदर्शक म्हणता येईल. १९८० मध्येच ॲलन शुगार्ट यांच्या कंपनीने (पुढील नाव सीगेट) ५.२५ इंची ‘एसटी-५०६’ ही ५ मेगाबाइटची डिस्क काढली. ॲपल कंपनीने १९८१ मध्ये ती स्वतंत्र विद्युत् पुरवठ्यासह एका पेटीत बसविली व ‘प्रोफाइल’ या नावाने ३,४९९ डॉलर किंमतीस विकली. १९८४ च्या ‘मॅकिंटॉश’ संगणकातही आतील डिस्क नव्हती. त्यासाठी सप्टेंबर १९८५ मध्ये आलेली २० मेगाबाइटची डिस्क संगणकाच्या खाली बैठकीसारखी बसे आणि फ्लॉपीच्या पोर्टला जोडली जाई. हा पोर्ट फार मंद होता. या सर्व पेट्यांचा समान दोष म्हणजे प्रत्येक पेटी एका विशिष्ट संगणकाशीच बोले. पेटी उचलून नेता येई, पण न्यावी कोठे हा प्रश्न उरे.

या प्रश्नाचे पहिले सर्वमान्य उत्तर ‘स्कझी’ या जोडणीपद्धतीने दिले. शुगार्ट असोशिएट्स या कंपनीने तयार केलेल्या एका पद्धतीवरून ती विकसित झाली व १९८६ मध्ये तिला अमेरिकन राष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. स्कझीमध्ये संगणकाला डिस्कच्या शीर्षांची वा तबकड्यांची माहिती असण्याचे कारण नव्हते. ‘अमुक क्रमांकापासून इतके खंड वाच’ एवढी आज्ञा पुरे होई आणि बाकीचे काम डिस्कवरील नियंत्रक करी. जानेवारी १९८६ मधील ‘मॅकिंटॉश प्लस’ संगणकात हा पोर्ट प्रमाण म्हणून दिला गेला आणि बाह्य पेट्या बनविणाऱ्या लहान कंपन्यांची एक पिढीच उदयास आली. एकाच मालिकेत संगणकासह आठ उपकरणे जोडता येत. प्रत्येकास ० ते ७ यांपैकी वेगळा क्रमांक द्यावा लागे व मालिकेच्या दोन्ही टोकांस रोधकयुक्त टोपण, म्हणजे टर्मिनेटर, बसवावे लागे. दोन उपकरणांना चुकून एकच क्रमांक दिला गेला अथवा टोपण राहून गेले, तर डिस्क दिसेनाशी होई. सर्व काही नियमाप्रमाणे जोडूनही मालिका कधी चालावी, कधी न चालावी, असा अनुभव इतका सार्वत्रिक होता, की अनुभवी तंत्रज्ञही जुळलेल्या मालिकेस पुन्हा हात लावीत नसत.

दरम्यान आय. बी. एम.-सदृश संगणकांच्या जगात वेगळ्या दिशेने बदल झाला. १९८६ च्या सुमारास कॉम्पॅक, वेस्टर्न डिजिटल आदी कंपन्यांनी नियंत्रक थेट डिस्कवरच बसविण्याची आयडीई ही स्वस्त पद्धती रूढ केली. ती पूर्णतः संगणकाच्या आतील वापरासाठी होती. तिच्या पट्टीसारख्या केबलची प्रमाण लांबी जेमतेम ४६ सेंमी. आयडीई डिस्क स्वस्त व विपुल झाल्या, पण त्यांना थेट बाहेर आणणे अशक्य होते. दुभाष्याची गरज खऱ्या अर्थाने येथे निर्माण झाली. १९८८ मध्ये प्रेअरीटेक या कंपनीने २.५ इंची डिस्क काढल्यामुळे आकाराची अडचण दूर झाली होती. अडचण राहिली ती जोडणीची. १९९० नंतरच्या काही वर्षांत मुद्रकाच्या, म्हणजे प्रिंटरच्या समांतर पोर्टला डिस्क जोडणाऱ्या पेट्या निघाल्या. त्या कोणत्याही संगणकावर चालत, हा मोठा लाभ. पण त्यांचा वेग इतका कमी असे, की मोठ्या प्रमाणावर माहिती हलविण्यास त्या निरुपयोगीच होत्या.

१९९५ मध्ये आयईईई १३९४ हे मानक संमत झाले व ते ‘फायरवायर’ या नावाने प्रसिद्धीस आले. त्याचा वेग सेकंदास ४० कोटी बिट होता व त्याच केबलमधून डिस्कला पुरेशी विद्युत् शक्तीही मिळे. चलच्चित्रणाच्या व्यवसायात ते विशेष रुजले. ऑक्टोबर २००१ मध्ये आलेले ‘आयपॉड’ हे संगीतयंत्रसुद्धा वस्तुतः १.८ इंची, ५ गिगाबाइटची फायरवायर डिस्कच होती आणि संगणकास जोडल्यावर तिचा तसा वापर करता येत असे. तथापि सर्वसामान्य वापरात विजयी ठरली ती यूएसबी ही पद्धती. सात कंपन्यांच्या सहकार्याने तिचे पहिले मानक जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. इंटेल कंपनीतील या कामात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अभियंते अजय भट्ट यांचा प्रमुख वाटा होता. मुळात कळफलक, माउस यांसारख्या संथ उपकरणांसाठी योजलेली ही पद्धती सेकंदास १ कोटी २० लक्ष बिटांपेक्षा वेगवान नव्हती. व्यवहारात हा वेग सेकंदास सु. एक मेगाबाइट पडे. २० गिगाबाइटची डिस्क भरण्यास त्या हिशेबाने साडेपाच तासांहून अधिक वेळ लागे. एप्रिल २००० मधील यूएसबी २.० मानकाने वेग चाळीसपट केला आणि हेच काम दहा-पंधरा मिनिटांत होऊ लागले.

वेगापेक्षाही एका दुसऱ्या निर्णयाचे महत्त्व अधिक आहे, जरी त्याची चर्चा क्वचितच होते. १९९९ मध्ये यूएसबीवरील साठवण-उपकरणांसाठी जी प्रमाण आज्ञावली निश्चित झाली, तीत नवी भाषा न घडविता स्कझीच्याच आज्ञा स्वीकारण्यात आल्या. संगणक स्कझीची आज्ञा ३१ बाइटांच्या एका पाकिटात घालून पाठवितो. कवचातील सेतुमंडल ते पाकीट उघडून आज्ञेचे आयडीईच्या भाषेत रूपांतर करते, डिस्ककडून काम करवून घेते आणि १३ बाइटांची पोच परत पाठविते. विंडोज २००० व त्यानंतरच्या संगणकप्रणालींनी ही आज्ञावली अंगभूत केल्यावर वेगळी सहायक प्रणाली भरण्याची गरज उरली नाही. कोणतीही पेटी कोणत्याही संगणकास जोडावी आणि ती चालावी, ही स्थिती प्रथमच प्राप्त झाली.

कवचाची रचना : कवचांचे दोन मुख्य वर्ग डिस्कच्या आकारावरून पडतात. ३.५ इंची डिस्कला ५ व्होल्टबरोबरच १२ व्होल्ट दाबही लागत असल्याने तिच्या पेटीस भिंतीवरील सॉकेटमध्ये बसणारा स्वतंत्र पुरवठा द्यावा लागतो. २.५ इंची डिस्क केवळ ५ व्होल्टवर चालते व म्हणून खरी सुवाह्य डिस्क तीच होय. तरीही एक गोम राहिली. यूएसबी २.० पोर्ट अर्धा अँपिअर, म्हणजे २.५ वॉट एवढीच शक्ती देण्यास बांधलेला होता, तर स्थिर असलेली तबकडी प्रथम फिरविताना एक अँपिअरपर्यंत प्रवाह लागू शके. अशा वेळी डिस्क नुसती टकटक आवाज करी व बंद पडे. यावर उपाय म्हणून एकीकडे दोन टोके असलेली केबल निघाली. एक टोक माहितीसाठी व दुसरे केवळ विद्युत् शक्तीसाठी. नोव्हेंबर २००८ मधील यूएसबी ३.० मानकाने ०.९ अँपिअर प्रवाह व सेकंदास ५०० कोटी बिटांचा वेग दिल्यावर ही दुहेरी केबल मागे पडली आणि पोर्ट प्रथमच डिस्कपेक्षा वेगवान झाला.

पेटीची जाडी ही वरकरणी क्षुल्लक बाब ग्राहकास नेहमी फसविते. २.५ इंची डिस्कची रुंदी सु. ७० मिमी. व लांबी सु. १०० मिमी. अशी ठरलेली असली, तरी जाडी ७, ९.५, १२.५ वा १५ मिमी. यांपैकी कोणतीही असू शकते, ९.५ मिमी.साठी बनविलेल्या पेटीत त्याहून जाड डिस्क मावत नाही. धातूची पेटी उष्णता बाहेर टाकते, प्लॅस्टिकची कोंडून धरते. धक्क्यांपासून संरक्षणासाठी रबराचे आवरण दिले जाते. नील पूल्टन यांनी लसी या कंपनीसाठी २००५ मध्ये रेखाटलेली नारिंगी कडांची पेटी या प्रकारचा नमुना मानली जाते. पण धक्क्यापासून खरे रक्षण डिस्कच्या आतील व्यवस्थेत असते : थांबताना शीर्षे तबकडीवरून उचलली जाऊन बाजूच्या उतारावर विसावतात. तबकडी फिरत असताना पेटी पडली, तर रबराचा उपयोग थोडाच.

२००३ मधील सेरियल एटीए मानकामुळे लहान व मोठ्या डिस्कना एकाच प्रकारचा जोड मिळाला व कवचे बनविणे अधिकच सोपे झाले. रिकाम्या कवचांचा स्वतंत्र व्यापार यामुळे भरभराटीस आला. मुंबईतील ग्रँट रोडजवळचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, जो आजही लॅमिंग्टन रोड या जुन्या नावानेच अधिक परिचित आहे, तेथील दुकानांतून अशी केसिंगे सुटी मिळतात. बंद पडलेल्या लॅपटॉपमधील डिस्क काढून केसिंगमध्ये घालावी आणि त्यातील छायाचित्रे, कागदपत्रे व हिशेब परत मिळवावेत, हा त्यांचा सर्वांत मोठा उपयोग होय. यंत्र गेले तरी माहिती उरली, एवढे समाधान काही शे रुपयांच्या या पेटीने असंख्य कुटुंबांस दिले आहे.

उलट दिशेची घटनाही घडली. ऑक्टोबर २०११ मध्ये थायलंडमधील महापुरात डिस्क बनविणारे कारखाने पाण्याखाली गेले व जगभर डिस्कच्या किंमती भडकल्या. कवचासह विकली जाणारी डिस्क सुट्या डिस्कपेक्षा स्वस्त, अशी विचित्र स्थिती त्या सुमारास व पुढेही वारंवार आढळली. त्यामुळे तयार पेट्या फोडून आतील डिस्क काढून घेण्याचा उद्योग ग्राहकांनी सुरू केला.

जोखीम : पेटी फोडणाऱ्यांना जे अनुभव आले त्यांतून सेतुमंडलाची दुसरी बाजू उघड झाली. जुन्या विभाजन-तक्त्यात खंडाचा क्रमांक ३२ बिटांत लिहिला जाई. ५१२ बाइटांचा एक खंड धरल्यास त्यातून सु. २.२ टेराबाइटपेक्षा मोठी डिस्क वापरता येत नसे. काही उत्पादकांनी यावर अशी युक्ती केली, की कवचातील मंडलाने संगणकास खंड ४,०९६ बाइटांचा असल्याचे सांगावे. मर्यादा एकदम आठपट झाली. परंतु हीच डिस्क कवचाबाहेर काढून थेट संगणकास जोडली म्हणजे खंडांचे माप बदले व भरलेली डिस्क कोरी दिसू लागे. काही डिस्कमध्ये तर सेतुमंडल डिस्कच्या स्वतःच्या पट्टीवरच बसविलेले असल्याने यूएसबीचा जोड तुटला, की दुसरे कवच लावण्याचा मार्गच उरत नाही.

याहून गंभीर प्रश्न कूटलेखनाचा आहे. त्याची निकड एका चोरीने जगापुढे आणली. ३ मे २००६ रोजी अमेरिकेच्या माजी सैनिक विभागातील एका कर्मचाऱ्याच्या मेरिलंडमधील घरातून लॅपटॉप व त्याबरोबरची बाह्य हार्ड डिस्क चोरीस गेली. तीत सु. २ कोटी ६५ लक्ष व्यक्तींची नावे, जन्मतारखा व सामाजिक सुरक्षा क्रमांक उघड्या स्वरूपात होते. दोन्ही वस्तू जूनअखेर परत मिळाल्या व माहिती कोणी पाहिल्याचे आढळले नाही. तरी त्यावरून उद्भवलेला दावा २००९ मध्ये दोन कोटी डॉलरांवर मिटवावा लागला. एका घरफोडीत एवढ्या लोकांची माहिती जाऊ शकते, याची कल्पना त्यापूर्वी फार थोड्यांस असावी.

त्यानंतर सेतुमंडलातच कूटलेखनाची सोय असलेली कवचे लोकप्रिय झाली. यातील काही मंडले ग्राहकाने परवलीचा शब्द ठेवला नसला तरी सर्व माहिती कूटरूपातच लिहीत व तिची किल्ली मंडलाशी निगडित ठेवीत. मंडल जळाले, तर पूर्णपणे निर्दोष तबकडी दुसऱ्या कवचात केवळ निरर्थक अंकांचा ढीग दाखवी. आपली माहिती कुलूपबंद आहे याची कित्येकांस खबरच नसे. ती किल्ली हरवल्यावर लागे. २०१५ मध्ये काही संशोधकांनी अशा सेतुमंडलांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांपैकी काहींत किल्ली बनविण्याची पद्धत इतकी कच्ची होती, की जाणकारास ती शोधून काढता आली असती. म्हणजे ही कुलपे मालकास अडवीत आणि चोरास मात्र पुरती अडवीत नसत.

विशेष उपयोग : न्यायसहायक तपासात सेतुमंडलाचा एक निराळाच प्रकार वापरतात. साध्या कवचात घालून डिस्क संगणकास जोडली, तर संगणकप्रणाली आपणहून तिच्यावर काही नोंदी लिहिते व पुराव्यात बदल होतो. म्हणून तपासासाठीचे मंडल वाचण्याच्या आज्ञा पुढे जाऊ देते व लिहिण्याच्या आज्ञा अडविते. भारतात १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेखाबरोबर द्यावयाच्या प्रमाणपत्रात त्या माहितीचे गणिती ठसामूल्य नमूद करावे लागते. एक बिट बदलला तरी हे मूल्य बदलते. चित्रपटगृहांकडे अंकीय चित्रपट पोहोचविण्यासाठीही सरकत्या चौकटीत बसविलेल्या डिस्क मजबूत पेट्यांतून पाठविण्याची पद्धत रूढ झाली. मात्र हॉलिवुडच्या चित्रपट अकादमीने २००७ मधील अहवालात इशारा दिला, की अंकीय माहिती कपाटात ठेवून विसरून जाता येत नाही व फिल्मच्या तुलनेत तिची जपणूक कित्येक पट महाग पडते. वर्षानुवर्षे न फिरविलेली डिस्क पुन्हा फिरेलच याची शाश्वती नसते, आणि ती फिरली तरी तिच्या कवचाला जुळणारा पोर्ट तोवर राहिलेला असेलच असे नाही. फायरवायरच्या वाट्यास हेच आले. नव्या संगणकांतून तो पोर्ट नाहीसा झाला आहे.

२०१८ च्या सुमारापासून फिरत्या तबकडीऐवजी घन-अवस्था स्मृतीची पट्टी बसविलेली कवचे मोठ्या प्रमाणावर निघू लागली. त्यांत चलित्र नाही, शीर्ष नाही व १२ व्होल्टचा प्रश्नही नाही. २०१४ मध्ये प्रमाणित झालेल्या उलटसुलट कसाही बसणाऱ्या टाइप-सी जोडाने ती जोडली जातात आणि बोटभर रुंदीच्या पेटीत एक-दोन टेराबाइट माहिती मावते. सेतुमंडल मात्र त्यांतही आहेच, आणि यूएसबीने जोडलेल्या अशा कवचांकडे संगणक आजही ज्या आज्ञा धाडतो, त्या १९८६ च्या स्कझी मानकाच्याच वंशातील आहेत.